डावखुरी

रविवारी कुरिबायाशी-सान म्हणाले, द्राक्षबाग नको.
त्यांचे आजोबा तांब्याच्या किटल्या ठोकायचे,
गावात त्या कारागिरांचं जुनं देऊळ आहे,
तसं काही आहे का तुमच्या नाशकात?

मी अंबडच्या कारखान्यात त्यांचा दुभाष्या.
सोमवार ते शनिवार एकच वाक्य
इकडून तिकडे नेतो:
पोचा दिसला, पीस बाद.

भांडी बाजारातून आत वळलो.
स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी संपल्या
तिथून ऐकू यायला लागलं,
आधी एक हातोडी, मग तिला उत्तर देणारी दुसरी.
पूर्वी म्हणे दुपारी तांबट आळीत कुणी बोलायचंच नाही,
बायका खुणेनेच भाजीचा भाव करायच्या.

देऊळ म्हणजे दोन दुकानांमधली साडेतीन हात जागा.
कालिकेच्या मागे तांब्याची प्रभावळ,
चिंचेने घासून घासून
वरचा मोर चोच हरवून बसलेला.
कुरिबायाशी-सान दोनदा वाकले,
दोन टाळ्या वाजवल्या,
पुन्हा वाकले.
गजाभाऊ पिंपळे खरवईवरून उठले नाहीत,
त्यांचे दोन्ही कान हंड्या-घंगाळांत गेलेत.
पण हात दिसले त्यांना.
मान हलवली.

कोनाड्यात हातोड्या.
माणूस गेला की त्याची इथे येते,
भंगारात जात नाही.
खंडेनवमीला हळदकुंकू,
बाकी वर्षभर उंदीर.

उचलू का, त्यांनी विचारलं.
दोन-तीन तोलून ठेवल्या.
एक मुठीत धरली आणि थांबले.
दांड्यावर अंगठ्याने पाडलेला खळगा
त्यांच्या डाव्या अंगठ्याला नेमका.
कोणाची? मी ओरडलो.
"नामदेवाची. डावखुरा.
शेजारी बसलं की कोपराला कोपर,
रोज भांडण."

हे मी सांगितलं.
ते म्हणाले, शाळेत माझा हा हात
पट्ट्याने बाकाला बांधून ठेवायचे.
हे मात्र गजाभाऊंना
एवढ्या मोठ्याने ओरडून कसं सांगावं, कळेना.

गजाभाऊंनी तांब्या पुढे सरकवला,
गळ्याखाली मठाराची शेवटची ओळ,
चार ठोके बाकी.
तीन बरोबर बसले.
चौथा जरा खाली घसरला.
मी सवयीने श्वास रोखला.
गजाभाऊंनी तिथून बोट फिरवलं,
परत फिरवलं,
आणि तांब्या तागडीत ठेवला.

नऊशे ग्रॅम.
किंमत वजनावर लावली,
त्या पोच्याचं काही कापलं नाही.