पेव

विश्रामबागच्या दुकानात सुहेल मुजावर
दोन लॅपटॉप शेजारी उघडून ठेवतो.
किंमत एकच, अडतीस हजार.
"ह्याचा प्रोसेसर पळतोय, पण जागा दोनशे छप्पन.
त्यात दुप्पट मावतंय, पण दमानं चालतंय."

अण्णा हरिपूरच्या पेवांवर हमाल होते.
मावणं त्यांना कळतं.
तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा,
विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही,
हळद कुठं पळून जात नाही.

मी म्हणते, कोड चालवायला वेग लागतो, अण्णा.
ते दुप्पटवाल्याच्या झाकणावरनं हात फिरवतात,
पोत्याची शिवण चाचपावी तसा.
मग सुहेलला विचारतात,
"पुराचं पाणी शिरलं तर ह्यातलं काय र्‍हातंय?"

सुहेल हसत नाही.
त्याचं आधीचं दुकान मारुती चौकात होतं,
तळमजल्याला.
"काही नाही, काका. दोन्हीतलं बी.
ठेवायचं ते दुसरीकडं ठेवायचं."

अण्णा बराच वेळ गप्प.
मग बंडीच्या खिशातून
रबर लावलेल्या नोटा.
"पळणारंच दे मग."

रस्त्यावर मी खोक्याला हात घालते
तर तो त्यांच्या पाठीवर,
दीड किलो,
आणि ते वाकलेले
नेहमीइतके.