आठवी टाळी

डंकर्कला नोव्हेंबरात खिडक्या
सकाळी दहापर्यंत पांढऱ्याच असतात.
शब्दही मी खिडकीचाच घेतला.
म्हटलं, हनुवटीखाली हात धरा,
ती जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे.
चोवीस हनुवट्या दोनदा हलल्या:
फ-नेत्र्.
पंचविसावी तिसऱ्यांदा हलली, सावकाश:
फ-ने-त्र.

फ्लोरिन रुमेगू. सप्टेंबरात सेतहून आली.
बाप बंदरात क्रेन चालवतो.
"दोनच," मी म्हणाले. "शेवटचा ए मुका आहे."
"आमच्याकडे बोलतो," ती म्हणाली.
वर्ग हसला.
मीही थोडी हसले, खोटं कशाला बोलू.

पुढचा आठवडा मुक्यांचाच होता.
'ले'च्या शेपटीतला एस, 'ग्रां'च्या मागचा डी,
उंबऱ्यावर गप्प बसून असतात,
आणि शेजारी स्वर आला
की उठून त्याचा हात धरतात:
ले-झां-फां.
मुलांना तो झ फार आवडला,
मधल्या सुट्टीतही गुणगुणत होता.
"मग पहिला शब्द संपला कुठे?" फ्लोरिनने विचारलं.
शिवण वहीत दिसते, म्हटलं, कानाला नाही.
उत्तर बरं होतं. पुरेसं नव्हतं.

गुरुवारी पाठांतराला धुक्यातल्या होडीची कविता.
ओळीला सात तुकडे.
मी फळ्यावर सात रेघा ओढल्या.
युन् बार्क् दां ला ब्रुम्.
टाळ्या पाच. पुन्हा म्हणा. पाच.
दोन रेघा उपाशी.
बोलण्यातून कधीच निवृत्त झालेला तो ए
कवितेत अजून कामावर असतो,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असून तेवीस वर्षं
मी त्याला 'मुका' एवढंच नाव दिलं.

"फ्लोरिन, तू म्हण."
यु-न बार-क दां ला ब्रु-म.
आठ.
होडी सगळ्या रेघा ओलांडून
खडूच्या धुळीत जाऊन थांबली.
"शेवटचा मोजत नाहीत," मी म्हणाले,
आणि तिचा चेहरा उतरायच्या आत,
"पण ऐकू आला पाहिजे."

शाळा सुटल्यावर फाटकापाशी तिचा बाप,
नारिंगी जॅकेट, हाताला ग्रीसचा वास.
"बाई, जत्रा या दिमांश्‌लाच ना?"
दि-मांश्. दोन.
तीन महिन्यांत किती नीट शिकला होता.
पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं,
काही बोलली नाही.
त्याच्या तळहातावर फक्त
एका बोटाने, हलकेच,
राहिलेली टाळी वाजवली.