कातरण

एकतीस वर्षं मी मठाच्या तळघरात ओस्ती कापल्या.
पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही.
दोन लोखंडी पाटांमध्ये कागदासारखा ताव भाजायचा,
थोडा दमटू द्यायचा, नाहीतर तडकतो,
मग यंत्राखाली सारायचा: खट्, खट्, खट्.
गोल ते पुठ्ठ्याच्या डब्यात, चर्चसाठी.
उरलेली जाळी, भोकाभोकांची,
खाकी पिशवीत. ती कातरण.

आमच्या क्युबेकमध्ये कातरण दुकानात मिळते,
बटाट्याच्या वेफर्सशेजारी.
हॉकीची मॅच बघताना पोरं मूठमूठ खातात.
माझ्या रेमीनं सातव्या वर्षी भरल्या तोंडानं विचारलं,
"हा देव आहे?"
नाही.
"आणि रविवारचा?"
तो आहे.
"पीठ एकच ना?"
एकाच परातीतलं.
सुटे पैसे कमी देणाऱ्या दुकानदाराकडे बघावं
तसं बघितलं त्यानं माझ्याकडे.

सिस्टर एक्सिल्दाला विचारलं. ती पाणी मोजत होती.
"माझं खातं पीठ-पाण्याचं. पुढचं खातं त्याचं.
आणि पोरी, 'हे माझं शरीर' म्हणाला तो.
'असं समजा' नाही म्हणाला."
मग पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली,
माझ्यामुळे तिचा आकडा चुकला होता.

आता निवृत्त झाले. दर शुक्रवारी
नदीपलीकडच्या इस्पितळात तेलेस्फोरला ओस्ती नेते.
तो बायकोला विचारतो, बाई, तुम्ही कोण?
चमचा कशाला असतो तेही विसरलाय.
पण "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं की जीभ पुढे येते
आणि खोल विहिरीतून पोहरा वर यावा
तसं, हिंदकळत, "आमेन".

सोनेरी डबी कोटाच्या आतल्या खिशात असते.
गाडीत मी रेडिओ लावत नाही.
हीटर बिघडलाय, त्याची माफी मागते.

फेब्रुवारीत वादळात सापडले.
गाडी रस्ता सोडून चरात, नाक खाली, दारापर्यंत बर्फ.
फोनला रेंज नाही. पाच तास. मग सात.
मागच्या सीटवर रेमीच्या मुलीसाठी घेतलेली कातरण होती.
ती मी खाल्ली. पिशवी फाडून कोपऱ्यातला चुरासुद्धा.
भूक होती तिथेच होती.
डबीला हात लावला नाही.
म्हणजे लावला, कोटावरूनच,
तान्ह्याच्या छातीवर ठेवतो तसा, श्वास चाललाय ना बघायला.
चव तीच, हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक?
अंधारात दोन्ही सारखेच दिसले असते.
आणि माझा क्षणभरही गोंधळ झाला नाही.
रेमी, हे काही उत्तर नव्हे. माहीत आहे मला.

थोडा वेळ बोलले. थोडा वेळ भांडले,
तेलेस्फोरवरून, त्या चमच्यावरून.
तिकडून काही आलं नाही.
पण काही न बोलणं आणि कोणी नसणं
यातला फरक
चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला शिकवावा लागत नाही.

पहाटे क्रेनवाला आला. कोवळा पोरगा, मिशीत बर्फ.
काच पुसून आत टॉर्च मारला.
"रात्रभर एकट्याच होतात?"
नाही, म्हटलं.
त्यानं मागच्या सीटवर उजेड फिरवला.
फाटकी पिशवी. थोडा चुरा.
मी कोटाचं वरचं बटण लावलं.
"आम्हाला नदीपलीकडे सोड."