दैवशालाचा भाव

वडील लातूरच्या आडत बाजारात मुनीम.
लहानपणी पाहिलंय मी:
रुमालाखाली दोन हात, वर तोंडं कोरी,
आत बोटं बोलतायत तुरीबद्दल.
रुमाल उचलला की भाव फुटायचा
आणि हमाल पोतं पाठीवर घ्यायचा,
भाव कुठलाही फुटो, पोतं तेवढंच.

संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला
तेच दुकान मी होस्टेलच्या मेसमध्ये मांडलं.
मुलींची बास्केटबॉल फायनल, आपण विरुद्ध नांदेड.
चिठ्ठी एकच: ‘लातूर जिंकणार.’
जिंकलं तर चिठ्ठीचे दहा रुपये,
हरलं तर तिच्यात शेंगदाणे बांधा.
मधला जो भाव, तो आपल्या सगळ्यांचा मिळून विश्वास,
असं फळ्यावर खडूनं लिहिलं
आणि स्वतःच्याच अक्षरावर खूश झालो.

सोमवारी चार रुपये.
मंगळवारी नांदेडच्या उंच पोरीला
कांजिण्या आल्याची आवई: पाच साठ.
बुधवारी प्राचार्यांनी नवे बूट दिले, सहा दहा.
बूट लहान निघाले, भाव उतरला नाही.
गुरुवारी दैवशाला सोनटक्केनं
अर्ध्या मैदानावरून टाकलेला चेंडू
कडीला न शिवता आत गेला.
सात चाळीस.

त्या संध्याकाळी टँकरवर बादली घेऊन गेलो
तर टँकरच्या मागच्या बाजूला, चाकाला टेकून
ती उजव्या गुडघ्यावर ओढणी आवळत होती.
गुडघा कसला, कच्चं पपई.
"उद्या खेळलालीस का?"
"खेळणार की."
मग जरा थांबून,
"माझा भाव काय चाललाय?"
"सात चाळीस."
गाठ तिनं दातानं ओढली.
"लई झाला," म्हणाली. "कुणाला सांगू नको."

मी कुणालाच सांगितलं नाही.
विकल्या.
माझ्याजवळच्या सगळ्या, अकराच्या अकरा,
आणि घेतल्या कुणी, तर भुजंगमामानं,
जो रोज पहाटे तिला दोन केळी बाजूला काढून ठेवायचा.
एक्क्याऐंशी रुपये चाळीस पैसे झाले.
चाळीस पैसे राहू दे म्हणालो.
एवढा मी उदार.

शेवटची नऊ सेकंद. एका गुणानं मागं.
ती डाव्या पायावर उडाली, उजवा नुसता सोबत गेला.
चेंडू कडीवर बसला,
एक फेरा, दीड फेरा,
कडीला जाळी नव्हती, नुसतं लोखंड,
त्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत येत होता.
त्या दीड फेऱ्यात भाव किती असतो?
तेव्हा कुणी विकत घेत नाही, कुणी विकत नाही,
सगळे उभे राहतात फक्त,
आणि भुजंगमामाचे दोन्ही हात पिठाचे, तसेच वर.

बाहेर पडला.

रात्री मेसमध्ये कुणी बोलेना.
मामानं आधी वाटीत हळदीचा लेप कालवला,
मुलींच्या होस्टेलवर पाठवला.
मग माझ्या ताटात न मागता तिसरी भाकरी टाकली.
"खा. लई जागलालास त्या आकड्यांपायी."
आणि खिशातल्या चिठ्ठ्या काढून,
मोजल्याही नाहीत,
दुमडून कोपऱ्यातल्या टेबलाच्या
आखूड पायाखाली सारल्या.

टेबल डुगडुगायचं थांबलं.
उरलेलं वर्षभर मी तिथंच जेवलो.