अस्तर

बाकावर चकत्या मांडून ठेवल्यात, तळहाताएवढ्या.
पिवळी कापते.
नारिंगी समजुतीनं घेते.
काळी नुसतीच गोंजारते.
दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात हेच रंग उलटं बोलतात,
म्हणून ओइवा म्हणतो, रंगावर जाऊ नकोस,
अंगठ्यानं दाब, फोम किती लवकर परत वर येतो ते बघ.
लोकरीची चकती एकटी, खिळ्याला,
भिजलेल्या मांजरासारखी.

उसीकाउपुंकी. मार्चचा शेवटचा आठवडा.
बंदरातला बर्फ करडा झालाय, पण हटलेला नाही.
गॅरेजात म्हातारबाबा ताइस्तोची साब,
गर्द हिरवी, अठ्ठ्याहत्तर सालची.
हातदिवा फिरवला की टपावर
कोळ्यानं रात्रपाळी केल्यासारखं जाळं:
चाळीसेक हिवाळे, आणि दर सकाळी
झाडूनं बर्फ लोटणारा घाईतला हात.

नियम साधा आहे.
वीतभर जागा टेपनं आखायची,
सगळ्यात मऊ चकतीनं सुरुवात करायची,
भागलं तर तिथंच थांबायचं,
नाही भागलं तर एकच पायरी वर.
मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारा.

काळीनं काही झालं नाही.
नारिंगीनं थोडं उजळलं, जाळं तसंच,
चकती मात्र हिरवीगार.
जुना रंग हा; वर पारदर्शक थर नाही,
जे निघतं ते थेट त्याच्या अंगातून निघतं.
चकती धुवा, वाळवा, पुन्हा लावा.
घड्याळात पावणेचार.
पिवळी मी उचललीच नाही.
सरळ खिळ्याकडे गेले.

बॉनेट लखलखलं. खोटं का सांगू,
दहा मिनिटं मला वाटत होतं
की पायऱ्या मंद माणसांसाठी असतात.
छताचा दिवा त्यात अख्खा उतरला, वायरीसकट.
त्या नादात
कडेची टेप सुटलेली दिसली नाही.

कडेला रंग नेहमीच पातळ असतो.
(हेही मला पाठ आहे.)
नखाएवढा ठिपका. आधी वाटलं, मळ.
पुसला. गेला नाही.
विटकरी.

ओइवा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं
गॅरेजभर पुरतं.
मी माफीचं वाक्य जुळवत होते
तोवर म्हातारा टोपी काढून वाकला,
चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ पत्र्याला,
आणि हसला.
"अरे, हे तर माझं!"

कारखान्यात रंगखात्यात होता तो,
अस्तराच्या फवाऱ्यावर, नऊ वर्षं.
लोक वरचा हिरवा बघून गाडी घ्यायचे,
त्याचं काम दुपारपर्यंत झाकलेलं असायचं.
"ही माझ्याच पाळीतली असेल कशावरून?
नसेलही. पण हा विटकरी मी ओळखतो.
रविवारीसुद्धा नखं याच रंगाची.
लेम्पी जेवायला बसू द्यायची नाही."

ठिपका तसाच ठेव, असं म्हणेल वाटलं.
"झाकून टाक," म्हणाला, "गंज धरेल.
पण उद्या. आज असू दे."

तो गेल्यावर लोकर खिळ्याला परत टांगली.
उरलेल्या दारांसाठी पिवळी दाबून पाहिली.
ओइवानं न विचारता ब्रश पुढं केला.
पाणी बराच वेळ हिरवं येत राहिलं,
शेवटी शेवटी जरासं तांबूस.