तर्जुमा

आमच्या गावात सालं शर्टांवरून ओळखतात.
पिवळा शर्ट म्हणजे हातपंपाचं साल.
जांभळा म्हणजे शाळेची भिंत रंगवली ते.
लाल शर्टवाले आले आणि तळं चढलं,
ते दोन दिवसांत परतले, शर्ट तेवढे राहिले.
शेळ्यांमागं हिंडणाऱ्या पोरांच्या पाठीवर
अजून वाचता येतं : जा आणि सांगा.

यंदाचे हिरवे. अकरा विद्यार्थी, बारा दिवस.
मी त्यांचा दुभाषी. एरवी पाचवीला गणित शिकवतो,
म्हणून हिशेब सांगून टाकतो :
त्यांचा एक दिवस म्हणजे माझा आठवड्याचा पगार,
वर दुपारी कोंबडी.

नाटुकलं दरवर्षी तेच.
काळी चादर पांघरलेला उंच मुलगा, तो पाप.
पाप कधी पडणार हे आमच्या पोरांना पाठ,
ती आधीच टाळ्या पिटतात,
आणि पाप बिचारं गडबडून लवकर पडतं.

साक्षी मी आखूड करतो. खोटं नाही बोलत.
पण बायका उन्हात बसलेल्या, मांडीवर लेकरं,
घरी न्सिमा रटरटायचा बाकी,
आणि व्यासपीठावर कुणीतरी विमानतळापासून सुरुवात करतं.
दहा मिनिटांचं दोन वाक्यांत आणतो.
प्रभूला मूळ भाषा कळतेच की.

नवव्या दिवशी मेरेडिथ उभी राहिली.
नेब्रास्काची, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
नाकाचं सालपट निघालेलं.
कागद आणला होता, तो घडीच राहिला.
म्हणाली ते एका शब्दात होतं,
आणि त्या शब्दाला माझ्याकडं सुट्टे नव्हते.
आजार म्हणावं तर ताप नाही, दुःख म्हणावं तर मयत नाही.
शेवटी मी म्हटलं :
ही म्हणते, मी चार महिने झोपून होते.

कुणी आमेन म्हणालं नाही.
मागच्या रांगेतून नाजेरे उठली,
सुकटीच्या वासाचा पदर सावरत.
"विचार तिला, पाणी कोण भरत होतं?"
मी विचारलं.
"नळ होता," मेरेडिथ म्हणाली.
"आणि उशाशी कोण बसत होतं?"

हा प्रश्न मी आखूड करू शकलो नाही.
होता तेवढाच होता.

मेरेडिथनं घडी केलेल्या कागदाची आणखी एक घडी केली.
पाळकसाहेबांनी गीत धरलं, जरा वरच्या पट्टीत.

त्या रात्री चर्चच्या फरशीवर
हिरव्या शर्टांच्या मच्छरदाण्यांशेजारी
नाजेरे आणि चौघीजणी चटया घेऊन आल्या,
मयताच्या घरी झोपायला जातात तशा, न विचारता.
मला उठवलं बोलायला.
नाजेरे अर्धा तास बोलली : जोहान्सबर्गला गेलेला मुलगा,
उसिपाचा भाव, नवऱ्याचा डोळा,
मध्येच हसली, मध्येच गप्प.
"काय म्हणतात?" मेरेडिथनं विचारलं.
मी पेंगत होतो. म्हणालो,
"म्हणतात, पहाटे ऊठ, पाण्याला जायचंय."

आणि ती उठली.
पिवळ्या सालच्या पंपाचा वॉशर कधीचा गेलेला,
म्हणून ओढ्यावर, पाऊण तास.
डोक्यावर बादली, अर्धी वाटेत सांडली,
अर्धी हिरव्या शर्टावर.
बायका हसत होत्या, तीही. तर्जुम्याला मी नव्हतो.

त्यांच्या म्होरक्यानं वहीत आकडा लिहिला :
त्रेचाळीस जणांनी विश्वास धरला.
मी मास्तर माणूस, मोजायला लागलो,
मग मोजणं सोडून ट्रकला हात केला.

चार महिन्यांनी पोस्टानं पाकीट आलं.
आत वॉशर, आणि चिठ्ठी, एका ओळीची.
ती ओळ मी नाजेरेला वाचून दाखवली,
एकही शब्द न गाळता.
"परत वाच," ती म्हणाली.

वॉशर बसला नाही. माप चुकलं होतं.
तो आता तिच्या नातीच्या गळ्यात आहे,
लाल दोऱ्यात ओवलेला.
पाण्याला आम्ही ओढ्यावरच जातो.