अंगठा मुठीत

पहिल्यांदा सांगितलं ते दुधाच्या पिशवीनं.
कोपरा दातानं फाडायची वेळ आली,
म्हटलं, डेअरीनंच पिशव्या जाड काढल्यात.

मग कुलूप. मग ओल्या चादरीचा पीळ.
मग एका सकाळी भाकरी थापताना
हात परातीत थांबला
आणि पीठ माझ्याकडं बघत बसलं.

मणेराजुरीत विरळणी ऐन भरात.
मान वर, हात वर, कात्री घडात,
निम्मे मणी खाली पाडायचे
उरलेल्यांनी फुगावं म्हणून.
कात्री दिवसात किती वेळा मिटते
कुणी मोजत नाही. वेली मोजतात.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला
हरभऱ्याएवढा फुगवटा, हाताला ऊन लागणारा.
अंगठा हलवला की आत करकर,
नव्या चपलेची असते तशी.
कान लावला तर काही नाही,
बोट ठेवलं की कळायची.

इंदूबाई मुकादम म्हणाली, लचकला असंल.
हळद-चुना लावला. हळद आपलीच, गुण तेवढा आला नाही.

मिरजेत डॉक्टर कुरण्यांनी फोटोबिटो काढला नाही.
म्हणाले, अंगठा मुठीत घ्या.
वर चार बोटं मिटा.
आता मूठ करंगळीकडं झुकवा.
झुकवली,
आणि बाहेरच्या बाकावरचं पोर रडायला लागलं.

हाड शाबूत आहे, ते म्हणाले,
स्नायूच्या दोरीवरचं म्यान सुजलंय.
म्यान मला कळेना.
परकराचा नेफा कळला:
नेफा आटला की नाडी अडकते,
ओढावं तेवढी कळ.
ते हसले, म्हणाले, हेच आता मी बाकीच्यांना सांगतो.
तीन आठवडे कात्री बंद.
विरळणीचे अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून टेम्पोत चढले,
हिशोबाचे पैसे आणायला.
कवलापूरच्या वळणावर म्हटलं,
अंगठा मुठीत घ्या गं सगळ्याजणी.
खिदळल्या. घेतला.
झुकवा करंगळीकडं.

शेवंता आई गं म्हणाली.
रुक्सानानं ओठ चावला.
अकराजणींत सात.
ड्रायव्हरनं गाणं बारीक केलं,
विचारलं, काय झालं मागं?

मालन यंदाच आलीय, एकोणीस वर्षांची.
मला न्हाई काय, म्हणाली,
आणि हात पदराखाली.

बागेत उतरल्यावर बघितलं:
पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून
झाकण ती
डाव्या हातानं फिरवत होती.